नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि डिस्प्ले गेला? आधी चित्र कुठपर्यंत येतंय ते बघा

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरतायत, कीबोर्डचा लाइट लागलाय आणि मॉनिटरवर मात्र नो सिग्नल. असं झालं की आपल्या नाशिकमध्ये बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात, एकतर कार्ड डब्यात घालून परत दुकान गाठतात नाहीतर कोणीतरी फोनवर सांगितलं म्हणून विंडोज फॉरमॅट मारतात. दोन्हीची बऱ्याचदा गरजच नसते. कार्ड खराब निघतं, नाही असं नाही, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण त्याआधी बघायच्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरच्या घरी एका स्क्रूड्रायव्हरवर होतात, पैसे लागत नाहीत. मी इथे फक्त डेस्कटॉपबद्दल लिहितोय, लॅपटॉपचं सगळं वेगळं असतं.

आता ऑनबोर्ड, म्हणजे मशीनमध्ये आधीपासूनच असलेलं ग्राफिक्स, आणि कार्ड एकमेकांशी भांडतात, म्हणून आधी ऑनबोर्ड बंद करून टाका, असं सर्रास सांगितलं जातं. जुन्या काळात ह्या सल्ल्यात तथ्य होतं. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा त्याच्या नवीन ड्रायव्हर पद्धतीत (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर) दोन वेगळ्या कंपन्यांचे डिस्प्ले ड्रायव्हर एकत्र चालतच नव्हते, २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि ती अडचण संपली. त्यामुळे आज विंडोज १० किंवा ११ वर इंटेलचं ऑनबोर्ड आणि एनव्हिडिया नाहीतर एएमडीचं कार्ड एकाच मशीनमध्ये आरामात नांदतात. मग डिस्प्ले जातो कशानं, तर चित्र एका पोर्टातून बाहेर पडत असतं आणि आपली केबल दुसऱ्याच पोर्टात असते, किंवा कार्डाला वीज पुरत नाही, किंवा मदरबोर्डाचं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, त्या कार्डाला ओळखत नाही, किंवा जुना ड्रायव्हर मधे लुडबुडतो. माझं म्हणणं एवढंच की ऑनबोर्ड सुरुवातीलाच बंद करू नका, कार्डातून चित्र येत नसेल तेव्हा मशीनच्या आत शिरायला तोच एक रस्ता उरतो.

सगळ्यात आधी हे बघा की चित्र कुठपर्यंत येतं. बटण दाबल्यावर बोर्डाच्या कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नाही? मग विंडोजचा इथे काही संबंधच नाही, लोगो यायच्या वेळी विंडोज चालूच झालेलं नसतं, फॉरमॅट मारून काडीचा फरक पडणार नाही, गडबड केबल, वीज, स्लॉट किंवा बायोसमध्ये आहे. लोगो दिसतो, खालचे गोल ठिपके फिरतात आणि मग स्क्रीन काळी होते? मग ड्रायव्हर. डेस्कटॉप व्यवस्थित येतो पण गेम पहिल्यासारखाच अडकत चालतो? मग सेटिंग. हे एकदा ठरलं की अर्धं काम झालं, आणि इथून पुढे एक नियम पाळा, एका वेळी एकच बदल करायचा आणि बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशानं चालू झालं तेही कळत नाही आणि कशानं बिघडलं तेही नाही.

केबल कुठे लावलीय?

कॅबिनेटच्या मागे बघा. वरच्या बाजूला उभी पट्टी असते, तिच्यात यूएसबी, लॅन, ऑडिओचे जॅक आणि त्यांच्यातच एखादा एचडीएमआय किंवा व्हीजीए, हे सगळं बोर्डाचं, म्हणजे ऑनबोर्ड. त्याच्या खाली आडवी पत्र्याची पट्टी असते, एक-दोन स्क्रूनं आवळलेली, तिच्यात फक्त डिस्प्लेचेच पोर्ट असतात, ते कार्डाचं. मॉनिटरची केबल ह्या खालच्या आडव्या पट्टीत पाहिजे. आता हे वाचताना सोपं वाटतं पण वर्षानुवर्षं केबल वरच लावायची सवय झालेली असते, टेबल भिंतीला चिकटलेलं असतं, माणूस हात मागे घालून चाचपडत लावतो आणि केबल परत वरच जाऊन बसते. त्यात नवीन कार्डाच्या पोर्टांवर बऱ्याचदा छोट्या प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या काढायच्या असतात, पण टोपी बघून तो पोर्ट बंद आहे असं वाटतं. टेबल पुढे ओढा, मोबाइलची टॉर्च लावा आणि डोळ्यांनी बघून लावा.

दुसरं, मॉनिटरचं इनपुट. मॉनिटरच्या बटणातून मेनू उघडून एचडीएमआय १, एचडीएमआय २, डिस्प्लेपोर्ट जे असेल ते हातानं निवडा, ऑटोवर सोडू नका. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर रिमोटवरच्या सोर्सच्या बटणानं तेच करा. तपासणी चालू असेपर्यंत एकच मॉनिटर आणि एकच केबल ठेवा, शक्यतो एचडीएमआय, कारण डिस्प्लेपोर्टवर काही जुन्या कार्डांना एक खोड आहे. एनव्हिडियाच्या ९०० आणि १० सिरीजच्या काही कार्डांवर नवीन डिस्प्लेपोर्ट मॉनिटर लावला की विंडोज येईपर्यंत स्क्रीन कोरीच राहते, त्यासाठी एनव्हिडियानं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं टूल काढलेलं आहे. सेकंडहँड कार्ड घेतलं असेल तर हे लक्षात असू द्या.

आणि तिसरं फार महत्त्वाचं, तुमच्या प्रोसेसरमध्ये ऑनबोर्ड डिस्प्ले आहे का? आपण ऑनबोर्ड म्हणतो पण इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजपासून ते ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात असतं, बोर्डावर फक्त पोर्ट असतो. आय५ १२४००एफ सारखा शेवटी एफ असलेला प्रोसेसर असेल तर आत ग्राफिक्स नाहीच, बोर्डाचा एचडीएमआय मेलेलाच राहणार. एएमडीमध्ये रायझन ५ ५६०० ला नाही, ५६००जी ला आहे, ७००० सिरीजमध्ये बहुतेकांना आहे पण ७५००एफ ला नाही. बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं, ते आधी वाचा, नाहीतर बोर्डाच्या पोर्टात केबल लावून चित्राची वाट बघण्यात संध्याकाळ जाते.

वीज आणि स्लॉट

मशीन बंद, एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या आतल्या डब्याचा, मागचा स्विच बंद, वायर काढा आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेला करंट जातो. मगच झाकण उघडा. थंडीत, निफाडला पारा घसरला की इकडेही हवा कोरडी होते, स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेच स्टॅटिक कार्डाला मारक ठरू शकतं, म्हणून कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि गालिच्यावर उभं राहून हे काम करू नका.

कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये पाहिजे. खालचा लांब स्लॉट दिसायला तसाच असतो पण बऱ्याच बोर्डांवर तो आतून छोटा असतो. स्लॉटच्या टोकाला प्लास्टिकची पट्टी असते, कार्ड पूर्ण बसलं की ती टक आवाज करून स्वतःहून लॉक होते. आवाज आला नाही, पट्टी उघडीच राहिली, किंवा कार्डाचा सोनेरी भाग एका बाजूनं जास्त दिसतोय तर कार्ड तिरकं बसलंय. हे का होतं तर मागचा पत्रा कॅबिनेटच्या पट्टीत अडकतो, स्क्रू आवळला की कार्ड पुढून उचललं जातं. आधी कार्ड बसवा, लॉक होऊ द्या, मग स्क्रू हलकाच आवळा. जुनं कार्ड असेल तर सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबरनं हळू पुसा, पावसाळ्यात दमट हवेत पडून राहिलेल्या कार्डांना ह्यानं खरंच फरक पडतो.

आता वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५ आणि ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०. जीटी १०३० ला साधारण ३० वॉट लागतात, जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं ७५ मध्ये भागवतात म्हणून त्यांना वेगळी वायर लागत नाही, पण आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ४०६० ला ११५ आणि आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, ह्यांना वायर लावलीच पाहिजे. वायर नसेल तर पंखे फिरतात, काही कार्डांवर लाल लाइट लागतो आणि डिस्प्ले येत नाही. पंखे फिरतायत म्हणजे कार्ड चालू आहे असं अजिबात धरू नका.

इथे एक जवळून बघण्यासारखी गोष्ट आहे. एसएमपीएसमधून दोन प्रकारचे ८ पिन येतात. एक मधोमध फाटतो, ४ अधिक ४, तो प्रोसेसरचा. दुसरा ६ अधिक २ असा असतो, मोठा तुकडा आणि बाजूला लटकणारी छोटी दोन पिनांची शेपटी, तो कार्डाचा, त्यावर बहुतेक वेळा पीसीआय असं लिहिलेलं असतं. पिनांचे आकार वेगळे असतात त्यामुळे चुकीचा सहज बसत नाही, आणि बसत नाही म्हणून जोर लावला तर नुकसान होतं. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी कधीच लावू नका, तोंड सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि सगळं जळू शकतं. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, वायरीतून ६ पिन काढणारे कन्व्हर्टर स्वस्तात मिळतात, ते नकोच, साटाच्या एका तोंडातून १२ व्होल्टवर ५४ वॉटच घ्यायचे असतात आणि कार्ड तिथून ७५ पर्यंत ओढतं, वायर वितळते.

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं असतं, त्या आकड्यावर जाऊ नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिलेत ते बघा आणि त्याला १२ नं गुणा, खरी ताकद तिथे दिसते, १८ अँपिअर असेल तर २१६ वॉटच झाले. कॉर्पोरेट ऑफिसातून निघालेले छोटे डेल-एचपी सध्या खूप विकले जातात, त्यांच्यातल्या बऱ्याच मशीनना २४० वॉटच्या आसपासचा स्वतःच्या घडणीचा एसएमपीएस असतो आणि कार्डाची वायरच नसते, त्यांच्यात वायर न लागणारं, बुटकं कार्डच घ्या. आणि घरचा नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. डेस्कटॉप नीट, गेम सुरू झाला की धप्प करून सगळं बंद, असं होत असेल तर एकदा यूपीएस बाजूला ठेवून सरळ भिंतीच्या प्लगवर चालवून बघा.

बायोसमध्ये काय बघायचं

एवढं करून लोगो येत नसेल तर आता बोर्डाकडे. बऱ्याच नवीन बोर्डांवर चार छोटे लाइट असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. व्हीजीएवर येऊन अडकलं तर गडबड कार्डाच्या बाजूला आहे, डीरॅमवर अडकलं तर कार्ड बसवताना रॅमला धक्का लागलेला असू शकतो, रॅम काढून परत लावा. नवीन डीडीआर५ रॅमची मशीनं पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं काळीच राहतात, रॅम ट्रेनिंग चालू असतं, तेव्हा घाईनं बंद करू नका. कीबोर्डचं नमलॉक दाबून लाइट चालू-बंद होतो का ते पण बघा, होत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये.

आता ऑनबोर्डचा उपयोग. कार्ड काढा, केबल बोर्डाच्या पोर्टात लावा, मशीन चालू करा. कार्ड काढणं गरजेचं आहे, कारण बऱ्याच बोर्डांवर सेटिंग ऑटोवर असतं आणि स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की बोर्ड स्वतःच ऑनबोर्ड बंद करतं, त्यामुळे कार्ड आत असताना केबल वर लावून बघितलं तर दोन्हीकडे काळं आणि माणसाला वाटतं बोर्डच गेलं. तर कार्ड काढल्यावर चित्र आलं की बायोसमध्ये जा, असूस, गिगाबाइट, एमएसआयला डिलीट, डेलला एफ२, एचपीला एफ१०, लिनोव्होच्या डेस्कटॉपला एफ१.

आत गेल्यावर शोधायची गोष्ट एकच, नावं तीन-चार. असूसमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये सिस्टम एजंट, त्यात ग्राफिक्स कॉन्फिगरेशन, तिथे प्रायमरी डिस्प्ले. गिगाबाइटमध्ये सेटिंग्जमध्ये आयओ पोर्ट्स, तिथे इनिशियल डिस्प्ले आउटपुट. एमएसआयमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स कॉन्फिगरेशन, त्यात इनिशिएट ग्राफिक अडॅप्टर. इथे पीईजी किंवा पीसीआयई म्हणजे कार्ड, आयजीडी किंवा आयजीएफएक्स म्हणजे ऑनबोर्ड. कार्ड निवडा. त्याच पानावर आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा आयजीडी मल्टी-मॉनिटर असतं, गिगाबाइटमध्ये इंटर्नल ग्राफिक्स, ते एनेबल करा. ह्या दोन सेटिंगांचा एकत्र अर्थ असा की पहिलं चित्र कार्डातून दाखव पण ऑनबोर्ड पण जागं ठेव. एफ१० दाबून सेव्ह, मशीन बंद, कार्ड परत बसवा, केबल कार्डात. आता नाही आलं तरी केबल वर लावली की विंडोजमध्ये शिरता येण्याची चांगली शक्यता असते.

ऑनबोर्ड चालू ठेवायचं आणखी एक कारण आपल्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांसाठी. हल्लीचे बरेच कॅमेरे ४:२:२ १० बिटमध्ये एच.२६५ व्हिडिओ देतात, इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं ऑनबोर्ड ते सहज उलगडतं पण एनव्हिडियामध्ये ही सोय ५० सिरीजलाच आली. म्हणजे आरटीएक्स ३०६० टाकून ऑनबोर्ड बंद केलं तर टाइमलाइन आधीपेक्षा जास्त अडखळायला लागते आणि दोष कार्डावर येतो. सिंहस्थाच्या तयारीत फोटो-व्हिडिओ-बॅनरवाल्यांची कामं वाढतायत, त्यासाठी कार्ड घेणाऱ्यांनी हे बघूनच ठरवा.

बायोसमध्ये काहीतरी भलतंच सेट झालं आणि कुठेच चित्र येत नाही, तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून टाका. वीज काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, मधे पॉवरचं बटण दाबा, सेल परत लावा. तारीख-वेळ जाते, बाकीची सेटिंग मूळची होतात. आधी रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत, RAID) किंवा दुसरं काही खास सेट केलेलं असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा.

जुन्या बोर्डावर नवीन कार्ड

हे प्रकरण आपल्याकडे जास्त, कारण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय३-आय५ आणि एच६१ चिपसेटची बोर्डं अजून घराघरात चालतायत. जुनी बोर्डं लेगसी बायोसची, नवी यूईएफआयची, म्हणजे बायोसच्याच नव्या पद्धतीची, आणि ह्या दोघांच्या मधे जुळवून घेणारी सोय म्हणजे सीएसएम. कधीकधी नवीन कार्ड जुन्या बायोसला ओळख देत नाही आणि लोगोच येत नाही. उपाय म्हणजे कार्ड काढा, ऑनबोर्डवर मशीन चालू करा, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून अगदी तुमच्याच मॉडेलचं आणि रिव्हिजनचं नवीन बायोस टाका. बायोस टाकताना वीज गेली तर बोर्ड जाऊ शकतं, त्यामुळे यूपीएसवरच टाका आणि महावितरणचा मेसेज आला असेल त्या दिवशी तर नकोच. तेवढ्यानं झालं नाही तर सीएसएमचं सेटिंग उलटं करून बघा, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० च्या काही कार्डांना काही बोर्डांवर रीस्टार्टनंतर काळी स्क्रीन येत होती, त्याच्यासाठी एनव्हिडियाचं यूईएफआय फर्मवेअर टूल आहे, ते पण ऑनबोर्डवरून किंवा दुसऱ्या मशीनमध्ये कार्ड लावून चालवता येतं.

सीएसएम बंद करण्याआधी एक बघा. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज बूटच होणार नाही. डेटा गेलेला नसतो, सीएसएम परत चालू केलं की येतं, घाबरून फॉरमॅट मारू नका. कायमचं बदलायचं असेल तर विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल असतं, पण आधी बॅकअप. उलटं पण होतं, फार जुनं कार्ड नवीन बोर्डावर लावलं आणि सीएसएम बंद असेल तर कार्ड काहीच दाखवत नाही.

लोगो येतो पण पुढे काळं

आता ड्रायव्हर. स्क्रीन काळी असताना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा, बीप वाजला किंवा स्क्रीन लुकलुकली तर विंडोज आत चालू आहे, ह्या बटणांनी डिस्प्लेचा ड्रायव्हर परत सुरू होतो आणि कधीकधी एवढ्यावरच चित्र येतं. नाही आलं तर विंडोज आणि पी दाबून डिस्प्लेचा मोड बदलून बघा, बऱ्याचदा डेस्कटॉप ऑनबोर्डच्या बाजूला गेलेला असतो, विशेषतः बोर्डाच्या पोर्टाला बंद टीव्ही जोडून ठेवलेला असेल तर.

तरी काळंच, तर केबल ऑनबोर्डला लावून आत शिरा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली दोन नावं दिसली पाहिजेत. मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसतंय तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. पिवळं चिन्ह असेल तर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड १२ म्हणजे कार्डाला मेमरीची जागा मिळत नाहीये, बायोसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग चालू करून बघा. कोड ४३ म्हणजे ड्रायव्हरनं कार्डात बिघाड आहे असं कळवलंय, त्यात ड्रायव्हर साफ करून परत टाकायचा आणि तरी राहिलं तरच कार्डावर संशय घ्यायचा, सेकंडहँड कार्डात जास्त.

ड्रायव्हर साफ करायला डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू वापरतात. आधी नवीन ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या साइटवरून उतरवून ठेवा, मग नेटची वायर काढा नाहीतर वायफाय बंद करा, कारण नेट चालू असलं की विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकून देतं आणि तुम्ही साफ केलेलं सगळं वाया. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, सेफ मोडमध्ये जा, डीडीयू चालवा, जुन्या कार्डाची कंपनी निवडून साफ करा, मशीन बंद करा, कार्ड-केबल लावा आणि मग ड्रायव्हर टाका. एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं टाकलं किंवा उलट केलं तर हे कराच. पण आधी नुसतं इंटेलचं ऑनबोर्ड होतं आणि हे पहिलंच कार्ड असेल तर डीडीयूची गरज नाही, इंटेलच्या ड्रायव्हरला हात लावू नका.

कार्ड बसवताना मशीन नुसतं शटडाउन करून भागत नाही ते पण सांगतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप अर्धवट झोपवतं, उठताना जुनंच हार्डवेअर आठवतं. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा.

उबंटू वापरणारी इंजिनिअरिंगची पोरं पण बरीच आहेत, त्यांना नवीन एनव्हिडिया कार्डावर काळी स्क्रीन आली तर ग्रबच्या, म्हणजे उबंटू सुरू होण्याआधी येणाऱ्या, मेनूत ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, आत गेल्यावर ॲडिशनल ड्रायव्हर्समधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका. बायोसमधलं सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारं सेटिंग, चालू असेल तर पुढच्या बूटला निळी स्क्रीन येऊन पासवर्ड मागते, ती गाळली तर ड्रायव्हर चढत नाही.

सगळं दिसतं पण कार्ड कामच करत नाही

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा, जीपीयू ० आणि जीपीयू १ दिसतील, गेम किंवा सॉफ्टवेअर चालवा आणि कोणाचा आलेख वर जातो ते बघा. ऑनबोर्डचा जात असेल तर आधी केबल परत तपासा, मग सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्या सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स निवडून द्या. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही कार्डालाच लावणं सगळ्यात बरं, कार्डाचे पोर्ट संपले तरच तिसरा ऑनबोर्डला. रॅम ८ जीबी आहे आणि विंडोज ६ च वापरता येते म्हणतंय तर ऑनबोर्डनं २ जीबी राखून ठेवलीय, बायोसमध्ये एएमडीला यूएमए फ्रेम बफर, इंटेलला डीव्हीएमटी, तिथे आकडा कमी करा. त्यासाठी ऑनबोर्ड बंद करायची गरज नाही.

जुन्या व्हीजीए मॉनिटरवाल्यांनी हे वाचाच. डीटीपीच्या दुकानांमध्ये, क्लासेसमध्ये अजून निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलचे मॉनिटर धडधाकट चालतायत आणि ऑनबोर्डला व्हीजीए असल्यामुळे कधी अडलं नाही. नवीन कार्डाला व्हीजीए नसतो. जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० पासूनच डीव्हीआयमधून निघणारं ॲनालॉग चित्र पण बंद झालं, त्यामुळे डीव्हीआयवर चढवायचं साधं छोटं अडॅप्टर लावून काहीच दिसणार नाही. आत चिप असलेला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि दुकानात मागताना हाच शब्द वापरून मागा.

हे सगळं करून पण चित्र येत नसेल तर कार्ड मित्राच्या चालू मशीनमध्ये लावून बघा, आणि त्याचं चालणारं कार्ड तुमच्यात. तुमचं कार्ड दोन्हीकडे आलं नाही तर ते खराब. त्याचं कार्ड पण तुमच्यात आलं नाही तर तुमचा एसएमपीएस किंवा बोर्ड. दुकानात जाताना नुसतं कार्ड नेऊ नका, बिल, डबा, आणि शक्य असेल तर पूर्ण कॅबिनेट न्या, कार्डावरच्या सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो आधी काढून ठेवा, आणि काउंटरवर तुमच्यासमोर लावून बघायला सांगा. त्यांच्या मशीनवर चाललं तर लगेच परत घेऊन येऊ नका, तुमच्याच कॅबिनेटमध्ये त्यांचा चांगला एसएमपीएस जोडून तिथेच पाच मिनिटं लोड देऊन बघायला लावा.